एका ओळीतल्या टोप्या

आमच्या बाबांना वाकडं काही बघवत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरपं दिसलं तर ते लोकांच्या घरीसुद्धा उठून सरळ करतात. एकदा दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत आडवे पडलेले असताना, तोंड उघडं ठेवूनच, त्यांनी हातवारे करकरून डॉक्टरला त्याच्या मागची तसबीर नीट करायला लावली होती. जन्मभर फरशी बसवलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? त्यांच्या पिशवीत काटकोन बघायचा गुण्या असतो, लेव्हल असते, थाप्या असतात, पण खरा मान फरशीची ओळ आखायच्या लाइनदोरीला. कामावरून आले की आधी दोरी पुसायची, मग गुंडाळायची, मग दाराजवळच्या खिळ्याला अडकवायची, आणि त्यानंतर चहा. दोरीला गाठ पडलेली त्यांना अजिबात खपत नाही. लहानपणी मी खेळता खेळता तिला एक गाठ मारली होती, तर ती सुटेपर्यंत त्यांनी घरात कुणाला जेवू दिलं नव्हतं. "गाठीच्या दोरीने गुरं बांधतात, फरशी नाही लावत," असं ते त्या दिवशी म्हणाले, आणि नंतरही अधूनमधून म्हणत राहिले.

मी त्यांची थोरली. बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायचं माझं दुकान आहे आणि मला राग चटकन येतो. धाकटी माझ्या अगदी उलट. ती चित्रं काढते, कुणाला उलट बोलत नाही, आणि तिचा राग आतल्या आत साठून शेवटी डोळ्यांवाटे बाहेर पडतो. त्या रविवारी सकाळी तिचा फोन आला तेव्हा मला आधी नुसतं नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"ताई, मशीन बंद पडलंय. आणि आज संध्याकाळपर्यंत नकाशा नाही निघाला, तर संपलं सगळं."

संपलं म्हणजे काय, ते मला सांगायची गरज नव्हती. महिनाभर घरात तोच विषय होता. जवळच्या वाचनालयात मुलांसाठी नवी खोली बांधली होती आणि तिच्या फरशीचं काम बाबांना मिळालं होतं. तिथल्या ग्रंथपालबाईंनी धाकटीचं एक चित्र पाहिलं: दारातून निळ्या फरशीची नदी आत शिरते, पुस्तकांच्या कपाटांना वळसे घालते आणि खिडकीपाशी जाऊन थांबते. बाई हरखून गेल्या. पण त्यांनी एक अट घातली. "बसवणारे तुमचे वडील. ते हो म्हणाले तर नदी, नाही म्हणाले तर आपली करडी चौकोनी फरशी."

बाबा हो म्हणाले नव्हते. नाहीसुद्धा म्हणाले नव्हते. त्यांनी वहीच्या पानावरची ती नदी लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली आणि म्हणाले, "कागदावर पाणी सोडायला काय जातंय? मला पूर्ण मापाचा नकाशा दे. जमिनीवर अंथरून बघतो, मग बोलतो. सोमवारी सकाळी माल उतरणार. रविवारी संध्याकाळपर्यंत नकाशा नाही मिळाला, तर चौकोनी." धाकटीने आयुष्यात पहिल्यांदाच असं काही काढलं होतं की ज्यावरून माणसं चालणार होती. ते बसणार की नाही, हे सगळं आता त्या नकाशावर येऊन ठेपलं होतं.

मी पिशवी उचलली आणि आई-बाबांच्या घरी निघाले.

धाकटीचा कॉम्प्युटर म्हणजे घरातला सर्वांत जुना भाडेकरू. तो काढून टाकता येत नव्हता, कारण त्याला जोडलेला पेन-प्लॉटर त्याच्याहून जुना. नकाशांची एक कचेरी बंद झाली तेव्हा धाकटीने तो उचलून आणला होता. खाटेएवढं धूड, त्यात एक पेन उभं धरलेलं, ते लांब कागदाच्या पट्टीवर हव्या त्या मापाच्या रेघा ओढत जातं. पण त्याचं कार्ड नव्या कॉम्प्युटरमध्ये बसतच नाही. मागच्या वर्षी मीच त्या जुन्या खोक्यात तीन कार्डं शेजारीशेजारी बसवून दिली होती: एक प्लॉटरचं, एक धाकटीच्या चित्र काढायच्या इलेक्ट्रॉनिक पाटीचं, आणि एक माउसचं, कारण माउसची मूळची जागा जळून गेली होती. वर्षभर तिघांनी सुखाने संसार केला होता.

"काय होतंय ते करून दाखव," मी म्हटलं.

धाकटीने प्लॉटर सुरू केला. पेन मोठ्या दिमाखात निघालं, नदीचा काठ काढू लागलं, पहिलं वळण घेतलं. धाकटीने माउसला बोट लावलं मात्र, पेन जागच्या जागी थांबलं. जरा वेळाने त्याला पुन्हा जाग आली, पण मधलं सगळं विसरून ते तिथून थेट कागदाच्या दुसऱ्या टोकाला गेलं आणि जाता जाता नदीच्या छातीवरून एक लांबलचक सरळ रेघ ओढून मोकळं झालं.

"बघितलंस?" धाकटीचे डोळे भरले. "मशीनसुद्धा त्यांच्याच बाजूने!"

मला हसू आलं आणि ते मी गिळलं. मी म्हटलं, "रडायचं नंतर. आधी चहा."

आईने चहा आणला. ती कॉम्प्युटरच्या खोलीत येते तेव्हा उंबऱ्याच्या आत एकच पाऊल टाकते, दुसरं बाहेर ठेवते. "कालपासून हे असंच चाललंय," ती कुजबुजली. "पाटीला हात लावला की तो उंदीर मरतो, उंदराला हात लावला की पेन मरतं. मी म्हणते, तिघांना एका घरात ठेवायचंच कशाला?"

"आई, तू जा बरं."

ती गेली नाही. कप न्यायच्या निमित्ताने तिथेच घुटमळत राहिली. तिच्याकडे तेव्हा जरा नीट बघितलं असतं तर माझी अर्धी सकाळ वाचली असती, पण मी टेबलाखाली शिरले होते. एक गोष्ट मात्र तेव्हाही जाणवली. कॉम्प्युटरचं खोकं एरवी एका पायावर डुगडुगायचं, आज ते ढिम्म उभं होतं. एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची नेटकी घडी होती. बरं केलं कुणीतरी, एवढंच मी मनात म्हटलं.

मग मी माझं शहाणपण चालवायला घेतलं. केबली बदलल्या. प्लॉटरचा प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. प्रत्येक कार्डाला आपला वेगळा नंबर लागतो, म्हणून कॉम्प्युटरला विचारलं, प्लॉटर कुठल्या नंबरवर? तो म्हणाला, पाच. पाटी? सात. माउस? चार. अगदी मी ठरवून दिलेलेच आकडे. मी खूश झाले, कारण चूक माझी नव्हती. असला जुना कॉम्प्युटर मात्र आपण एकदा सांगितलेलं तोंडपाठ म्हणून दाखवतो, आत उठून बघत नाही, हे रोज गिऱ्हाइकांना ऐकवणारी मी त्या क्षणी सपशेल विसरले.

अंगणात बाबा आधीच्या कामातल्या उरलेल्या फरशा निवडत बसले होते. एकेक फरशी उचलायची, बोटाने टकटक वाजवून आवाज ऐकायचा, आणि मग या गठ्ठ्यात की त्या. मधूनच त्यांनी खिडकीतून डोकावून विचारलं, "चाललं का तुमचं यंत्र?"

"चाललं की कळेल तुम्हाला!" मी आतून खेकसले.

"चिडतेस काय? मी आपलं विचारलं. संध्याकाळ व्हायला वेळ नाही लागत."

खिडकी रिकामी झाली आणि धाकटीने दार लावून घेतलं. "ताई, एक बोलू? परवा मी बाहेर गेले होते तेव्हा ते इथे एकटेच होते. त्याआधी मशीन चांगलं होतं. त्यांना नदी नकोच आहे. तोंडाने नाही म्हणायचं नाही म्हणून..."

"काहीतरी बोलू नकोस," मी म्हटलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. बाबा हट्टी आहेत, हेकट आहेत, पण लबाडी त्यांना कधी जमलेली नाही. तरी धाकटीचा चेहरा बघून माझं डोकं तापायला लागलं. तसं काही निघालं असतं तर मी अंगणातल्या फरशा अंगणातच फोडल्या असत्या.

मी नव्याने सुरुवात केली. तिघांच्याही केबली उपटल्या आणि एकेकाला एकटं चालवून पाहिलं. माउस एकटा, उत्तम. पाटी एकटी, झकास. प्लॉटर एकटा, लोण्यासारखा. एकेकटे असताना तिघेही गरीब गाय. एकत्र आले की हमरीतुमरी. म्हणजे बिघाड कुणात नव्हता. भांडण आपसातलं होतं, आणि असलं भांडण एकाच कारणावरून होतं. ते कारण खोक्याच्या आत होतं, आणि आतलं काम तर माझ्या हातचं होतं. मी मनातल्या मनात स्वतःला दोनचार शेलक्या शिव्या हासडल्या आणि खोकं उघडलं.

पहिला धक्का बसला तो स्वच्छतेचा. जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात धुळीची गादी असते. त्यात मला केस, पेन्सिलीचे तुकडे, एकदा तर कुणाचा तरी पडलेला दुधाचा दातही सापडलाय. इथे धुळीचा कण नव्हता. पंख्याची पाती एकेक करून पुसलेली. वायरी शिवणाच्या दोऱ्याने बांधून कडेला लावलेल्या.

दुसरा धक्का कार्डांवर होता. या जुन्या कार्डांवर बारीक पिनांच्या जोड्यांची एक रांग असते, आणि त्यातल्या एका जोडीवर तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी काळी टोपी बसवलेली असते. टोपी ज्या जोडीवर, तो त्या कार्डाचा नंबर. मी तिन्ही टोप्या वेगवेगळ्या जागी बसवल्या होत्या. आता त्या तिन्ही कार्डांवर बरोबर एकाच उंचीवर होत्या. वरून डोळा लावून पाहिलं तर एका ओळीत, केसाचाही फरक नाही. तिघेही पाच नंबरवर.

अशी ओळ लावणारा माणूस जगात एकच आहे.

"आई!" मी ओरडले.

आई उंबऱ्यातच होती. "मी ह्यांना म्हटलं होतं, त्यात हात घालू नका," ती एका दमात बोलून गेली. "तर म्हणाले, कुणाला सांगू नकोस, पोरीला नुसतं साफ करून ठेवतो. माझा भुवयांचा चिमटा नेला. दोन्ही चष्मे एकावर एक घातले. दुपारभर लागले होते."

"बाबा!" आता धाकटी ओरडली. तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. अंगणात एक फरशी खाली पडल्याचा आवाज झाला.

बाबा दारात येऊन उभे राहिले. हाताला फरशीची भुकटी.

"तुम्ही मुद्दाम केलंत," धाकटी म्हणाली. "नदी नको होती तर सरळ नाही म्हणायचं होतं. मी ऐकलं असतं. पण माझं मशीन मोडायचं?"

बाबांना काही कळेचना. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उघड्या खोक्याकडे पाहिलं. "मोडलं? मी मोडलं?" ते म्हणाले. "अगं, मी तर नीट केलं. तू एवढी रात्रंदिवस त्याच्यापुढे बसतेस. म्हटलं, मोठं काम निघायचंय, खालचा थर साफ नको का? धूळ काढली. खोकं डुगडुगत होतं, लेव्हल लावून पुठ्ठा घातला. मग बघतो तर ह्या टोप्या. एक वर, एक खाली, एक भलतीकडेच. म्हटलं, कुणा गबाळ्याने घाईघाईत बसवल्यात. माझ्या पोरीच्या मशीनमध्ये असलं वाकडंतिकडं काम नको. म्हणून ओळीत घेतल्या."

"तो गबाळा म्हणजे मी," मी म्हटलं.

"तू?" बाबा गडबडले. "तू बसवल्यास होय? मग तिरप्या का बसवल्यास?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. धाकटीला हसावं की रडावं ते ठरवता येईना, म्हणून ती दोन्ही करू लागली. मला तर बापाचा इतका राग आणि इतकी माया एकाच वेळी कधी आली नव्हती. मी त्यांना हाताला धरून खोक्यापाशी बसवलं.

"नीट ऐका. ह्या कॉम्प्युटरचा मेंदू सारखा कामात असतो. माउसला, पाटीला, प्लॉटरला काही सांगायचं असलं की ते घंटी वाजवतात. मग मेंदू हातातलं काम टाकून त्यांच्याकडे जातो. प्रत्येकाच्या घंटीची तार वेगळी असते, म्हणून त्याला कळतं कुणी बोलावलं. कुणी कुठली तार ओढायची, ते ही टोपी ठरवते. तुम्ही तिघांच्या हातात एकच तार दिलीत. आता घंटी वाजवतो प्लॉटर, आणि मेंदू जाऊन उभा राहतो माउसच्या दाराशी."

बाबा खोक्यावर वाकले. "म्हणजे ओळीत आल्या की भांडतात?"

"हो."

"आणि विस्कटल्या की नांदतात?"

"हो."

"अजब आहे," ते म्हणाले. मग शर्टाला हात पुसले आणि आईपुढे तळहात धरला. "चिमटा आण."

मी म्हटलं मी करते, पण ऐकतात कशाला? त्यांनी पुन्हा दोन्ही चष्मे चढवले. फरशी बसवताना करतात तसा श्वास रोखला. प्लॉटरची टोपी पाचवरच ठेवून बाकी दोघांच्या जागा मी सांगत गेले आणि ते टोप्या उचलून ठेवत गेले. त्यांचा हात जितका स्थिर होता, तितका माझा कधी नसतो. पण शेवटची टोपी खाली सरकवायच्या वेळी तो हात अधांतरी थांबला.

"इथे? एकदम खाली? अगं, फारच वाईट दिसतं."

"बाबा, तिथेच."

"बघ हां. नंतर मला म्हणू नकोस." आणि त्यांनी डोळे बारीक करून टोपी बसवली, जणू दुसऱ्याची फरशी जाणूनबुजून तिरपी लावावी लागत असावी. काम झाल्यावर त्यांनी ताबडतोब मान फिरवली. मी झाकण लावलं, तसा त्यांचा जीव भांड्यात पडला.

कॉम्प्युटर सुरू केला. पेन निघालं. पहिलं वळण घेतलं. धाकटीने श्वास रोखून माउसला बोट लावलं. पेन चालत राहिलं. तिने माउस गरागरा फिरवला, पाटीवर रेघोट्या ओढल्या. पेन आपल्या तंद्रीत दुसरं वळण घेत पुढे गेलं. आईने या खेपेला दोन्ही पावलं खोलीत टाकली.

दुपारभर कागदाच्या पट्ट्या निघत राहिल्या. आम्ही पुढच्या खोलीतलं टेबल आणि खुर्च्या अंगणात काढल्या आणि पट्ट्या चिकटवत नदी अंथरायला लागलो. ती पुढच्या दारातून निघाली, खोलीभर वळणं घेत गेली, तिथे मावेना म्हणून स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्याजवळच्या खिडकीखाली संपली. आईला भांडी घासायला जाताना नदीवरून उडी मारावी लागली. उन्हं उतरली तेव्हा शेवटची पट्टी चिकटली. धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, कारण आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

"बाबा, या," मी हाक मारली.

बाबा पाय धुऊन आले. दारात उभं राहून त्यांनी नदी पाहिली. मग हात लांबवला आणि खिळ्यावरची दोरी काढली.

धाकटीने माझं मनगट घट्ट धरलं. दोरी निघाली की पुढे काय होतं, ते आम्ही दोघींनी लहानपणापासून पाहिलं होतं. दोरी ताणायची, टिचकी मारायची, आणि तिच्या बाहेर जे जाईल ते उखडायचं. तिची नदी तर सगळीच बाहेर जाणार होती.

"टोक धर," बाबा तिला म्हणाले.

तिने दारापाशी वाकून एका हाताने टोक धरलं, दुसऱ्या हातात माझं मनगट तसंच होतं. बाबा दोन पावलं मागे सरले. पण त्यांनी दोरी ताणली नाही. ती सैल सोडली, गुडघे टेकले, आणि अंगठ्याने दाबत दाबत नदीच्या काठावरून बसवायला लागले. वळण आलं की दोरीला वळवायचं, थोडं थांबायचं, पुन्हा पुढे. खोली ओलांडली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्यांचे गुडघे कुरकुरले, आई हात द्यायला पुढे झाली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. सगळी नदी ते गुडघ्यांवर चालले. एका वळणावर तेवढे रेंगाळले, बोटाने चाचपून म्हणाले, "इथे जरा घाई झालीय तुझी. बसवताना मी सांभाळून घेईन."

बसवताना. धाकटीने माझं मनगट सोडलं. तिच्या बोटांचे ठसे उमटले होते.

खिडकीखाली पोचल्यावर बाबांनी काठ संपला तिथे दोरी चिमटीत पकडली, दोन वेढे दिले आणि ओढून घट्ट गाठ मारली.

"अहो!" आई किंचाळलीच. "दोरीला गाठ!"

"असू दे. माप आहे ते," बाबा म्हणाले. ओट्याला धरून ते उभे राहिले आणि धाकटीकडे वळले. "निळे तुकडे लहान कापावे लागतील. सकाळी लवकर ऊठ. मला वळणं सांगायला कुणीतरी लागेल."

मग त्यांनी दोरी पुसली, जपून गुंडाळली, जाता जाता भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं, आणि दोरी खिळ्याला अडकवली, गाठीसकट.